पांढरीवर रणगाडा जाण्याआधी

प्रति,
मा. संरक्षण मंत्री, भारत सरकार
मा. लष्करी कमांडर, दक्षिण कमान, पुणे
मा. महासंचालक, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण
मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र राज्य
मा. जिल्हाधिकारी, अहिल्यानगर

विषय : लष्करी सरावासाठी जमीन वापरण्याआधी तिची पुरातत्त्वीय पाहणी करण्याबाबत.

स.न.वि.वि.

मी पारनेर तालुक्यातल्या एका गावात एकतीस वर्षं शिक्षिका होते. जवळच्या के. के. रेंजवर, म्हणजे लष्कराच्या गोळीबाराच्या मैदानावर, सराव सुरू झाला की आमच्या वर्गाच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि पोरं फळ्यावरचं सोडून आवाज मोजत बसायची. माझा धाकटा भाऊ फौजेत बावीस वर्षं होता. त्यामुळे रेंज कशाला लागते, नवख्या गनरला खरा गोळा कधी ना कधी मारूनच बघावा लागतो, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. हे पत्र सरावाविरुद्ध नाही. सरावाच्या आधी जे एक काम व्हायला हवं आणि जे नंतर कधीच करता येणार नाही, त्याबद्दल आहे.

सुरुवात एका खापरापासून करते. बऱ्याच वर्षांपूर्वी, मृगाचे दोन पाऊस झाल्यावर, सहावीतल्या एका मुलानं दप्तरातून लाल खापराचा तुकडा काढून माझ्या टेबलावर ठेवला. तळहाताएवढाही नव्हता. पातळ, तांबूस, आणि त्यावर काळ्या रंगात चार समांतर रेघा, त्यांना छेदणाऱ्या चार तिरक्या. पुसट म्हणाव्यात अशाही नव्हत्या. काल काढल्यासारख्या होत्या. मी नखानं टिचकी मारली तर टण्ण आवाज आला, धातूच्या भांड्यासारखा. आमच्या कुंभाराच्या मडक्याला असा आवाज येत नाही. "कुठं सापडलं?" विचारलं तर म्हणाला, "पांढरीत. तिथं लई हायेत."

दिवाळीच्या सुट्टीत मी ते खापर पुण्याला नेलं. एका पुरातत्त्वज्ञ बाईंनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं, आणि त्यांच्या तोंडून एकच शब्द आला, "जोर्वे". म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीचं, थोडं अलीकडे-पलीकडे. ज्या टेकाडावर आमची पोरं शेळ्या घेऊन बसायची, तिथे तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी स्वयंपाक केला होता. गावाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. नाव छापून आलं की गुप्तधन शोधणारे रात्रीचे पहारी घेऊन येतात, हे आम्ही एकदा भोगलं आहे.

आपल्यापैकी जे महाराष्ट्राबाहेरून आले आहेत त्यांच्यासाठी 'पांढरी' हा शब्द उलगडून सांगते. आपल्याकडे जमिनीचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे जिथे माणसं राहिली ती जमीन. चुलीची राख, शेणामातीच्या पडलेल्या भिंती, गोठ्यातला केरकचरा, हाडं, खापरं हे शेकडो वर्षं एकावर एक साचत गेलं की मातीचा रंगच पालटतो, ती राखाडी-पांढरट होते आणि आजूबाजूच्या रानापेक्षा थोडी उंच दिसते. पुरातत्त्वाचं पुस्तक कधीही न पाहिलेल्या आमच्या आजेपणजांनी जमिनीला हे नाव देऊन ठेवलं. दुसरा शब्द महसूल दप्तरातला, 'बेचिराग'. ज्या गावात दिवा लागत नाही ते गाव. जुन्या कागदांत अशी उठलेली गावं नोंदलेली असतात, आणि त्यांच्या जागी आज नुसतं माळरान दिसतं. मुद्दाम सांगते, कारण पाहणी कुठून सुरू करायची हे विचारायला परदेशी तज्ज्ञ आणायची गरज नाही. निम्मी यादी तलाठ्याच्या दप्तरात आणि उरलेली निम्मी मेंढ्या चारणाऱ्यांच्या डोक्यात आहे.

आता आमच्या जिल्ह्याबद्दल. संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे आहे. १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन झालं आणि महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या, शेतकऱ्यांच्या एका अख्ख्या संस्कृतीला त्या गावाचं नाव मिळालं. नेवाशाला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी प्रवरेच्या गोट्यांच्या थरांत आदिमानवाची दगडी हत्यारं दाखवून दिली, आणि जवळच चिरकी नाल्यावर गुडरुन कॉर्विनस यांनी १९६६ ते १९६९ या काळात खणून ती हत्यारं जिथल्या तिथे, मूळ जागी पडलेली दाखवली. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरची लेणी आहेत. आणि राहुरीला लागून असलेल्या श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे.

दायमाबादची गोष्ट आपण सगळ्यांनी लक्षपूर्वक ऐकावी अशी आहे. १९७४ साली एक भिल्ल शेतकरी तिथे झुडपाचं मूळ खणत होता. मुळाबरोबर वर आले ब्राँझचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला, उभा सारथी असलेला एक रथ. चारही मिळून वजन साठ किलोंहून जास्त. आज भारतीय पुरातत्त्वाच्या कुठल्याही पुस्तकात त्या रथाचं चित्र असतं. तो सापडला तेव्हा तिथे कुणी शास्त्रज्ञ उभा नव्हता, कुदळ घेतलेला एक माणूस होता. त्यानंतर स. अ. साळी यांच्या देखरेखीखाली १९७५ ते १९७९ दायमाबादला पद्धतशीर उत्खनन झालं आणि वस्तीचे एकाखाली एक थर उलगडले. तेच झुडूप तोफगोळ्यांच्या माऱ्याच्या पट्ट्यात असतं, तर काय झालं असतं? काहीच कळलं नसतं. आपण काय गमावलं हेसुद्धा कळलं नसतं. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

अशा जिल्ह्याच्या मध्यावर खारे कर्जुनेच्या नावावरून ओळखली जाणारी के. के. रेंज आहे. राहुरी, पारनेर आणि नगर या तीन तालुक्यांतली तेवीस गावं तिच्या विस्ताराच्या चिंतेत कित्येक वर्षं जगत आली आहेत. त्यातली काही माणसं मुळा धरणासाठी एकदा उठलेली आहेत. जमीन जाऊ नये ही त्यांची मागणी आहे आणि मी त्यांच्या बाजूची आहे, हे लपवत नाही. पण या पत्राचा मुद्दा त्याहून वेगळा आहे. जमीन नव्यानं घेतली तरी, न घेता वर्षातून काही दिवस सरावाला वापरली तरी, आणि आज जी रेंज आहे तिच्यातही, माती तीच आहे. पाहणी तिन्ही ठिकाणी लागते.

आपला १९३८ चा कायदा आहे. युद्धसराव, मैदानी गोळीबार आणि तोफखान्याच्या सरावासाठी दुसऱ्याच्या जमिनीवर सैन्याला जाता यावं म्हणून केलेला. त्यात नुकसानभरपाईची तरतूद आहे आणि एक फार शहाणपणाची गोष्ट आहे. सरावाच्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांनी आपला महसूल अधिकारी सैन्याबरोबर पाठवायचा आणि झालेल्या नुकसानीची रक्कम त्यानं ठरवायची. म्हणजे ज्यांनी तो कायदा लिहिला त्यांनाही कळत होतं की सैन्याबरोबर एक असा माणूस हवा, जो फक्त जमिनीकडे बघत असेल. तो माणूस उभं पीक बघतो, बांध बघतो, विहिरीचं कठडं बघतो, झाडं मोजतो. पंचनाम्यात आंब्याची झाडं येतात, बाभळी येतात, पत्र्याची शेड येते. पण पांढरीसाठी पंचनाम्यात रकाना नाही. तुटलेल्या बांधाचे पैसे देता येतात. तीन हजार वर्षांपूर्वीची सारवलेली जमीन एकदा चुरडली की तिची भरपाई कुणाला देणार, आणि किती?

त्या जमिनीत नेमकं काय असतं ते इनामगावच्या आधारानं सांगते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे आणि १९६८ ते १९८३ या काळात तिथे ऋतूमागून ऋतू खोदकाम झालं. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी यांच्यासारखी माणसं त्यामागे होती. शंभराहून जास्त घरं सापडली. आता घरं म्हटल्यावर डोळ्यांपुढे भिंती येतील, तर तसं काही नव्हतं. घर म्हणजे मातीत दिसणारी एक चौकट, सारवलेल्या भुईचा कठीण पापुद्रा, खांब कुजून गेल्यावर त्याच्या खड्ड्यात भरलेली वेगळ्या रंगाची माती, चुलीची भाजलेली कड. ब्रशनं माती झाडताना रंगातला फरक ओळखला म्हणून ते घर ठरलं. आणि त्याच भुईच्या खाली लहान मुलांची दफनं. दोन मोठे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत तान्ह्या पोराची हाडं. आईबापांनी मूल घराबाहेर ठेवलं नाही, चुलीपाशी, अंथरुणाखाली पुरलं. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखाली पाय कापलेले. का, याबद्दल अभ्यासकांत वेगवेगळी मतं आहेत. मेलेला माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून, असं एक मत आहे. मला ते वाचून रात्रभर झोप लागली नव्हती. हे सगळं आपल्याला माहीत झालं, कारण कुणीतरी आधी गुडघे टेकून ती माती झाडली.

चाळीस टनांच्या वरचा रणगाडा जागच्या जागी वळतो तेव्हा त्याचा पट्टा जमीन कशी खरवडतो, हे आम्हा रेंजशेजारच्या लोकांना माहीत आहे. पावसानंतर त्या खरवडीतून पाणी वाहतं आणि पुढच्या वर्षी तिथे घळ पडते. खंदक खणले जातात, मोर्चे बांधले जातात, वाळू नसेल तर पोत्यांत हाताशी असेल ती माती भरली जाते. आणि हाताशी असलेली मऊ, भुसभुशीत, पटकन खणता येणारी माती म्हणजे पांढरीची! उंचावरची, आजूबाजूचं सगळं दिसणारी जागा म्हणजेही पांढरीचं टेकाड. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याला जी जागा राहायला योग्य वाटली, तीच आजच्या सुभेदाराला मोर्चा लावायला योग्य वाटणार. यात सुभेदाराची काही चूक नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

न सांगितल्यानं काय होतं ते साऱ्या जगानं बॅबिलॉनला पाहिलं. २००३ मध्ये इराकवरच्या स्वारीनंतर त्या प्राचीन नगरीच्या अवशेषांतच परदेशी फौजांची छावणी पडली. पुढे ब्रिटिश म्युझियमचे जॉन कर्टिस यांनी जाऊन पाहणी केली आणि २००५ मध्ये अहवाल दिला. पुरातन थरांतून खंदक खणलेले, वाळूच्या पोत्यांत खापरं आणि हाडं मिसळलेली माती भरलेली, आणि मिरवणुकीच्या प्राचीन मार्गावरच्या अडीच हजार वर्षांहून जुन्या विटा गाड्यांखाली फुटलेल्या. त्या सैनिकांना बॅबिलॉन मोडायचं होतं असं कुणीच म्हणत नाही. त्यांना पोती भरायची होती.

पण त्याच फजितीतून पुढे काही चांगलंही निघालं. अमेरिकेत फोर्ट ड्रम नावाचा लष्करी तळ आहे. तिथे लष्कराच्या नोकरीत असलेल्या पुरातत्त्वज्ञ लॉरी रश यांनी सैनिकांसाठी पत्त्यांचे कॅट छापून घेतले. प्रत्येक पानावर एखादं पुरातन ठिकाण किंवा वस्तू आणि ती कशी ओळखायची, कशी सांभाळायची याच्या दोन ओळी. तळावर सरावासाठी खोटे भग्नावशेष आणि खोटी कबरस्तानं उभारली, म्हणजे 'या जागेला वळसा घालून लढायचं' हाही सरावाचाच भाग झाला. तळाच्या हद्दीत एक उठलेलं जुनं गाव होतं. त्यावर कापडासारखा जाड थर अंथरून वर वाळू-खडी टाकली, म्हणजे खालचं गाव शाबूत आणि वरून सैनिकांना वावरता येतं. हे सगळं करता आलं, कारण कुठे काय आहे याचा नकाशा आधी तयार होता. त्यांच्याकडे १९६६ पासून कायदाच आहे की सरकारी खात्यानं, लष्करानंसुद्धा, काम सुरू करण्याआधी त्याचा ऐतिहासिक ठेव्यावर काय परिणाम होईल ते तपासायचं.

इंग्लंडात सॉल्सबरी प्लेनवर १८९७ पासून लष्करी सरावाची जमीन आहे, आज सुमारे अडतीस हजार हेक्टर. आज तिथे प्राचीन दफनटेकड्या, वस्त्या आणि शेतांचे बांध आसपासच्या प्रदेशापेक्षा चांगले टिकून आहेत. कारण शंभरावर वर्षं त्या पठाराच्या मोठ्या भागावर नांगर चाललेला नाही. जागा नोंदलेल्या आहेत, 'इथे खणू नका' अशा पाट्या आहेत, चालकांना त्या पाट्यांचा अर्थ शिकवला जातो. २०११ मध्ये तिथे आणखी एक काम सुरू झालं. अफगाणिस्तानातून जखमी होऊन परतलेल्या सैनिकांना उत्खननावर घेतलं गेलं. जमिनीवरची बारीकशी खूण टिपायची सवय त्यांच्या जिवावर बेतून लागलेली होती, ती खुरपी-ब्रशच्या कामी आली, आणि काहींना त्या कामानं पुन्हा उभं केलं. हे वाचताना मला माझा भाऊ आठवला. निवृत्तीनंतर दोन वर्षं तो घरात कोपऱ्यात बसून असायचा. असं काही काम त्याच्या हाताला मिळालं असतं तर, असं वाटून गेलं.

म्हणजे लष्कराची जमीन ही ठेव्याची वैरीण असते असं मी म्हणत नाही. उलट आमच्या भागात पांढरीचा खरा कर्दनकाळ पोकलेन आहे. ऊस लावायचा, ठिबक टाकायचं, म्हणून दोन दिवसांत टेकाड सपाट होतं आणि ती राखाडी माती ट्रॉल्यांनी दुसऱ्याच्या रानात खत म्हणून जाते. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे आणि थांबवू शकले नाही. शेतकऱ्यालाही दोष देऊ शकले नाही. तारेच्या कुंपणाआडची रेंज त्या मानानं सुरक्षित असू शकते. पण कधी, तर आत काय आहे हे आतल्या माणसाला माहीत असेल तेव्हा.

आता 'आधी' या शब्दाबद्दल, कारण सगळा आग्रह त्या एकाच शब्दासाठी आहे. गोळीबाराचा पट्टा एकदा सुरू झाला की त्यातला प्रत्येक गोळा फुटतोच असं नाही. न फुटलेला गोळा मातीत रुततो आणि वर्षानुवर्षं जिवंत राहतो. अशा जमिनीवर पुरातत्त्वज्ञ चालू शकत नाही, खुरपी लावू शकत नाही, विद्यार्थ्यांना नेऊ शकत नाही. धरणाचं पाणी निदान दुष्काळात ओसरतं आणि बुडालेलं देऊळ वर येतं. उजनीच्या पाण्यातलं पळसदेवचं देऊळ असं कितीदा तरी लोकांनी पाहिलं आहे. रेंज मात्र ओसरत नाही. म्हणून नंतर बघू, हे उत्तर इथे चालणारं नाही. नंतर बघता येतच नाही.

आपल्या देशाला हे जमणार नाही असंही नाही. आंध्रात नागार्जुनसागर धरण व्हायचं ठरलं तेव्हा पाणी चढण्याआधी, १९५४ ते १९६०, पुरातत्त्व खात्यानं नागार्जुनकोंड्याचं अख्खं खोरं पालथं घातलं. शंभराहून जास्त जागा नोंदल्या, खणल्या, स्तूप आणि विहार उंचावर नेऊन पुन्हा रचले. नवा, गरीब देश होता आपला तेव्हा. तरी केलं.

आणि लष्कराला तर हे काम परकं नाहीच. १८६१ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण सुरू झालं त्याचा पहिला प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम लष्करी इंजिनीअर होता. १९४४ मध्ये महासंचालक म्हणून आलेला मॉर्टिमर व्हीलर तोफखान्यातला ब्रिगेडियर. आज आपल्याकडे चौकोन आखून खणण्याची जी शिस्त आहे ती त्यानं घालून दिली. आपल्या अजिंठ्याला १८१९ मध्ये शिकारीला आलेला जॉन स्मिथ हा घोडदळाचा अधिकारी. लेणं जगापुढे आलं ते त्याच्यामुळे, आणि दहाव्या लेण्यातल्या चित्रावर आपलं नाव कोरून ठेवणाराही तोच. एकाच माणसाच्या हातून दोन्ही घडलं.

नगरचा भुईकोट किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे. १९४२ पासून पंडित नेहरू आणि इतर नेते जिथे कैदेत होते त्या खोल्या सांभाळलेल्या आहेत. नगरलाच आर्मर्ड कोअरचं रणगाड्यांचं संग्रहालय १९९४ पासून आहे. मी दर वर्षी सातवीची सहल तिथे न्यायचे. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स रॉइस चिलखती गाडी, पासष्टच्या लढाईत हाती लागलेला पॅटन रणगाडा, आपला विजयंता रणगाडा, सगळं किती निगुतीनं ठेवलेलं. प्रत्येकापुढे पाटी, रंग ताजा, गवत कापलेलं. जे लष्कर लोखंडाचा इतिहास असा जपतं त्याला मातीचा जपायला सांगावं, यात मला काही वावगं वाटत नाही.

आमच्या भागात ओढ्याकाठी, जुन्या देवळाबाहेर, कधी नुसत्या बांधावर वीरगळ दिसतात. तळाच्या चौकटीत पडलेला वीर, बहुतेकदा गावच्या गाई सोडवताना मेलेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला उचलून नेताहेत. वरच्या चौकटीत तो महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसला आहे, आणि डोक्यावर चंद्र-सूर्य, जोवर ते आहेत तोवर याचं नाव राहील म्हणून. बहुतेकांवर नाव कोरलेलं नाही. लोक शेंदूर लावतात, पोळ्याला नारळ ठेवतात. हे दगड शहीद स्मारकं आहेत. छावणीतल्या युद्धस्मारकापुढे जो सॅल्यूट होतो, त्याचेच हे पूर्वज. कुठल्याही यादीत नाव नाही म्हणून त्यातला एकही दगड निशाणाचा धोंडा होऊ नये, हे मी कुणाही फौजी माणसाला पुन्हा सांगायला नको.

यादीचा मुद्दा निघालाच आहे तर तेही सांगते. १९५८ चा केंद्राचा कायदा आणि १९६० चा राज्याचा कायदा संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या जागांना आधार देतात. पांढरीचं टेकाड, गारगोटीच्या बारीक पात्यांनी भरलेला माळ, बेचिराग गावची जोती यातलं जवळपास काहीच जाहीर नसतं. म्हणून 'हद्दीत संरक्षित स्मारक नाही' एवढ्या एका ओळीवर फाईल पुढे जाऊ नये. त्या ओळीचा अर्थ 'इथे काही नाही' असा होत नाही.

मग करायचं काय? फार खर्चाचं काही मागत नाही. जिथे नव्यानं सराव होणार आहे, जिथे सराव वाढणार आहे, तिथे आधी प्रशिक्षित माणसांनी रांग धरून, एकमेकांपासून थोड्या पावलांवर, अख्खं रान पायी चालून काढावं. जुने नकाशे, बेचिराग गावांच्या नोंदी, उपग्रहाची आणि हवाई छायाचित्रं जोडीला घ्यावीत. हवाई छायाचित्रं लष्कराइतकी चांगली कुणाकडे असणार? आधीच वापरात असलेल्या रेंजमध्ये गोळे पडण्याच्या पट्ट्याबाहेरचा जो भाग सुरक्षित आहे तो तरी पाहावा. सापडलेल्या जागा सरावाच्या नकाशावर विहिरी आणि विजेच्या तारा जशा दाखवतात तशाच दाखवाव्यात, खणायला मनाई, गाड्यांना मनाई, भोवती दगडांची रांग आणि पाटी. अगदीच टाळता येत नसेल तर तिथे आधी रीतसर उत्खनन व्हावं. नेमकी ठिकाणं जाहीर करू नयेत, चोरांची भीती आहे, पण एकूण अहवाल मराठीत ग्रामपंचायतीला मिळावा. खंदक खणताना अचानक काही वर आलं तर खणणाऱ्या जवानानं कुदळ थांबवून कुणाला कळवायचं, हे त्याच्या आदेशात एका ओळीत लिहिलेलं असावं. आणि सैन्याबरोबर जो महसूल अधिकारी जातो, त्याच जीपमध्ये आणखी एका माणसाची जागा करावी.

एक काळजी मात्र घ्या, नाहीतर सगळं फिसकटेल. आमच्या गावांत हातात टेप आणि काठी घेतलेला कुणीही दिसला की 'मोजणीवाले आले' अशी हाकाटी होते आणि बायाबापड्या रस्त्यावर येतात. त्यांचा अनुभव तसा आहे. पाहणीला कुणी साथ दिली म्हणजे जमीन द्यायला संमती दिली, असा अर्थ कधीही, कुठल्याही कागदावर काढला जाणार नाही, हे आधी लेखी द्या. दुसरी भीती उलटी आहे, पुरातत्त्व खात्याची नजर पडली की शेतात विहीरसुद्धा खोदू देणार नाहीत, ही. तिचंही उत्तर ग्रामसभेत समोरासमोर बसून द्यावं लागेल. ही दोन कामं लष्करी जीपमधून होणारी नाहीत. चहा प्यायला बसावं लागेल.

आमच्या वस्तीवर एक आजी आहेत, नव्वदीच्या. त्यांना वीस-पंचवीस रानांची नावं येतात, जी सात-बाऱ्यावर नाहीत. कुठल्या माळाला 'राखुंडी' म्हणतात, कुठल्या ओढ्याकाठी पावसानंतर निळे मणी सापडायचे, कुठल्या टेकाडावर मेंढरं बसवायची नाहीत आणि का, हे त्या सांगतात. मी वहीत उतरवून घेतलं आहे, पण मला त्या सगळ्या जागा दाखवता येत नाहीत. त्या हाताला धरून नेतात तेव्हाच सापडतात, आणि आता त्यांना फार चालवत नाही. रब्बीची ज्वारी फेब्रुवारीत निघते. मग मृगापर्यंत रानं मोकळी असतात, भुईवर काय पडलंय ते स्वच्छ दिसतं. या मार्चमध्ये आपण माणसं पाठवलीत तर मी वही घेऊन येईन, आजींना बैलगाडीत बसवून आणू. ते लाल खापर माझ्याकडे नाही, पुण्यालाच दिलं. पण ते ज्यानं आणलं तो मुलगा आता गावातच शेती करतो, आणि त्यानं ती पांढरी अजून नांगरलेली नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. पारनेर, जि. अहिल्यानगर